एजबॅस्टनचे गोल्फ मैदान आणि त्यामागचा वारसा

इंग्लंडमध्ये समुद्रकिनाऱ्यापासून दूर, वनराईच्या उद्यानात वसलेले, वारसा मोठा पण नाव त्या मानाने कमी असलेले गोल्फ मैदान कोणते, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आहे बर्मिंगहॅमचा एजबॅस्टन गोल्फ क्लब. एजबॅस्टन म्हटले की आपल्याला कसोटी क्रिकेटच आठवते. त्याच उपनगरातल्या या मैदानाचा उल्लेख मात्र क्वचितच कानावर पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

येथील जुना वाडा १६८८ मध्ये जाळला गेला. सर रिचर्ड गॉफ यांनी १७१७ मध्ये ही जहागीर विकत घेऊन त्या जागी नवा वाडा बांधला. तोच एजबॅस्टन हॉल आज क्लबहाउस आहे. त्याच घराण्याने १७७६ मध्ये भोवतालच्या उद्यानाचे काम ‘केपेबिलिटी’ ब्राउन या त्या काळच्या सर्वांत नामवंत उद्यानरचनाकाराकडे सोपवले. पुढे बर्मिंगहॅम कारखान्यांचे शहर झाले, तरी गॉफ-कॅलथॉर्प घराण्याने आपल्या जमिनी भाडेपट्ट्याने देताना कारखाने आणि गोदामे उभारण्यास मनाई केली. ही अट नसती तर या उद्यानाचा मागमूसही उरला नसता, असे माझे मत आहे.

या वाड्यात १७८६ पासून विल्यम विदरिंग हे वैद्य राहत असत, आणि मला या जागेचा सर्वांत मोठा अभिमान त्यांच्यामुळे वाटतो. श्रॉपशायरमधील एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती काढ्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. अंगावर पाणी चढून सूज येणाऱ्या रोग्यांना त्यांपैकी फॉक्सग्लव्ह या विषारी फुलझाडामुळेच गुण येतो, हे त्यांनी ओळखले. मात्रा किती द्यावी, विषबाधेची लक्षणे कोणती, कोणाला गुण आला आणि कोणाला नाही, याची रुग्णागणिक नोंद करून त्यांनी ती १७८५ मध्ये प्रसिद्ध केली. हृदयविकारावरचे डिगॉक्सिन हे औषध याच वनस्पतीच्या कुळातून आलेले आहे. १७९१ मध्ये बर्मिंगहॅममध्ये उसळलेल्या दंगलीत जमाव या वाड्यावरही चालून आला होता, परंतु विदरिंग यांनी नेमलेल्या माणसांनी तो परतवून लावला. मैदानाशेजारच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे स्मारक असून त्यावर फॉक्सग्लव्हची फुले कोरलेली आहेत. तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी.

क्लबची स्थापना १८९६ ची, पण तो या वाड्यात आला १९३६ मध्ये, आणि मैदानाची आखणी गोल्फ मैदानांचे रचनाकार हॅरी कोल्ट यांनी केली. कोल्ट मूळचे वकील. जमीन खणून तिला हवा तो आकार देण्यापेक्षा तिच्या चढउतारांतूनच खेळ उभा करणे ही त्यांची हातोटी होती. ब्राउन यांच्या उद्यानावर दीडशे वर्षांनी त्यांनी अठरा होल बसवले, तरी उद्यान उद्यानच राहिले, ही मला त्यांची खरी थोरवी वाटते. लांबी सुमारे ६,१०० यार्डच असल्यामुळे मोठ्या व्यावसायिक स्पर्धांच्या दृष्टीने हे मैदान लहान ठरते आणि त्याचे नाव मागे पडते. पण येथे अंतराहून उताराचा अंदाज अधिक महत्त्वाचा असतो: फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, चुकीच्या बाजूला चेंडू थांबला, तर ग्रीनचा, म्हणजे होलभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीचा, ढाळ तुमच्या विरुद्ध असतो, आणि मग सरळ वाटणारा फटकाही वाळूच्या खड्ड्यात पडतो. लगतचे एजबॅस्टन पूल हे तळे निसर्गदृष्ट्या संरक्षित असल्यामुळे पक्षीही भरपूर दिसतात.

क्लब सदस्यांचा असला तरी पाहुण्यांना आगाऊ नोंदणी करून खेळता येते. शक्य असल्यास मे किंवा जूनमध्ये जा, आणि पहिल्या फेरीत ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा, मोह आवरून टीवरूनच, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरूनच, ग्रीनचा ढाळ नीट पाहून घ्या.