वाचक विचारतात : आमदारांचा कार्यअहवाल हाती आल्यावर

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. मतदारसंघात वाटले जाणारे आमदारांचे कार्यअहवाल, त्यांतील आकडे आणि आमदारांच्या कार्यालयातून जाहीर होणारी शिबिरे यांविषयीच्या शंकांना या वेळचे सदर दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्या आमदारांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात वर्तमानपत्राच्या घडीत घालून आमदारसाहेबांचा गुळगुळीत कागदावर छापलेला कार्यअहवाल घरोघरी आला. पहिल्याच पानावर ‘मतदारसंघासाठी ६०० कोटींचा निधी खेचून आणला’ असे ठळक अक्षरांत आहे. आमच्या वाडीचा रस्ता ‘मंजूर कामे’ या मथळ्याखाली दिसतो, प्रत्यक्षात तिथे अजून खडीसुद्धा पडलेली नाही. हा अहवाल खोटा समजावा काय? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : खोटा आहे असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही, मात्र तो वाचताना आकड्यांआधी क्रियापदे पाहावीत, कारण अशा अहवालाची सारी मेख तिथेच असते. ‘मागणी केली’, ‘पाठपुरावा सुरू’, ‘प्रस्तावित’, ‘मंजूर’, ‘भूमिपूजन संपन्न’, ‘कार्यादेश दिला’, ‘काम प्रगतिपथावर’ आणि ‘लोकार्पण’ या आठही शब्दप्रयोगांचा अर्थ निराळा असून त्यांतील पहिल्या तीनांत सरकारी तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडलेला नसतो. ‘मंजूर’ म्हणजे बहुधा प्रशासकीय मान्यता मिळाली. तिच्यापुढे तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश या पायऱ्या असतात, आणि काम झाल्यावर अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्याखेरीज ठेकेदाराचे देयक निघत नाही. आपल्या वाडीचा रस्ता यांपैकी पहिल्या पायरीवर उभा असावा, आणि तेवढ्यापुरता अहवाल खराही असेल.

आता ६०० कोटींविषयी. आमदाराच्या शिफारशीवर खर्च होणारा हक्काचा निधी म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो वर्षाला ५ कोटी रुपये करण्यात आला. पाच वर्षांची पूर्ण मुदत धरली तरी हा आकडा २५ कोटींच्या पुढे जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती आणि विधानसभेचे मतदारसंघ २८८ आहेत. म्हणजे सरासरी मतदारसंघात ३ लाख ९० हजार माणसे धरली, तर हा निधी माणशी वर्षाला १२८ रुपयांच्या आसपास पडतो. त्यातही हे पैसे आमदाराच्या हाती येत नाहीत. तो काम सुचवतो, मान्यता जिल्हाधिकारी देतात, कागदपत्रे जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात राहतात आणि काम सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका यांसारखी यंत्रणा करते.

मग उरलेले पावणेसहाशे कोटी कुठून आले? राज्याच्या अर्थसंकल्पातून, पुरवणी मागण्यांतून, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक योजनेतून, ग्रामविकास विभागाच्या ‘२५१५’ या लेखाशीर्षातून (सरकारी हिशेबातील खर्चाच्या खात्यातून) आणि केंद्राच्या योजनांतून. अहवालात या साऱ्यांची बेरीज एकाच ओळीत केलेली असते. उदाहरणार्थ, नळपाणी योजनेचे काम जलजीवन मिशनमधले असेल, तर ते १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या देशव्यापी कार्यक्रमाचा भाग असून त्याच्या खर्चात केंद्र आणि महाराष्ट्र यांचा वाटा निम्मा निम्मा आहे. ते ‘खेचून आणले’ म्हणणे म्हणजे पाऊस आपणच बोलावला म्हणण्यासारखे आहे.

तरीही एक गोष्ट आमदारांच्या बाजूने मान्य करावी लागते. कोणत्या तालुक्यातला कोणता रस्ता अर्थसंकल्पात जातो, ‘२५१५’ मधून कोणत्या गावाला स्मशानभूमीची शेड मिळते आणि कोणाला पेव्हर ब्लॉक, हे मंत्रालयात चार खेपा घालणाऱ्या माणसावर बरेच अवलंबून असते. एखाद्या पुलाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतो आणि जागरूक आमदारामुळे तो मार्गी लागतो, हेही घडते. आक्षेप आहे तो सरसकट बेरजेला. प्रत्येक कामापुढे निधीचा स्रोत आणि सद्यःस्थिती असे दोन रकाने छापले, तर हाच अहवाल उपयुक्त दस्तऐवज ठरेल; असे रकाने असलेले अहवाल मी पाहिले आहेत, पण ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी सभामंडपाच्या भिंतीत बसवलेली काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला मी थांबून वाचली. तिच्यावर अकरा नावे होती. मान्यवरांचा क्रम, पदे, ‘शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’ हे सारे सोनेरी रंगात कोरलेले होते. अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण करण्याची मुदत आणि दोषदायित्व कालावधी सांगणारा कामाचा फलक मात्र कुठेच नव्हता. शेवटी शेजारच्या किराणा दुकानदाराने मागच्या दाराकडे बोट दाखवले. तो पत्र्याचा फलक तिथे उलटा टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर कोणीतरी शेवया वाळत घातल्या होत्या. गावकऱ्यांच्या खऱ्या उपयोगाची माहिती त्या पत्र्यावर होती. दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला किंवा छत गळले, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि ही मुदत ठाऊक नसल्यामुळे त्याच कामावर पुन्हा सरकारी खर्च झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आपण एवढे करावे : अहवालातील आपल्या रस्त्याचे नाव जसेच्या तसे उतरवून माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, कार्यान्वयन यंत्रणा आणि वितरित रक्कम एवढेच विचारावे. दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक पुरतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. आमदारांविषयीचा संताप त्यात मांडू नये, त्याने शब्द वाया जातात.

प्रश्न : आमदारांच्या संपर्क कार्यालयात ‘निराधार, लाडकी बहीण, लेक लाडकी व आरोग्य योजनांचे भव्य शिबिर’ झाले. माझ्या विधवा जाऊबाईंना तिथल्या कार्यकर्त्यांनी सांगितले, की साहेबांचे शिफारसपत्र जोडल्याशिवाय निराधारचा पगार सुरू होणार नाही. ते पत्र आणायला त्या तीनदा हेलपाटे घालून आल्या. हा नियम आहे काय? (एक वाचक भगिनी, बीड जिल्हा)

उत्तर : नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या ‘संगांयो’ (याच योजनेच्या नावाचे लघुरूप) शाखेत करायचा असतो. जाऊबाईंना त्यासाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, वयाचा व रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्याचा तपशील लागेल. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. आमदारांचे पत्र त्या यादीत नाही. लोक तरीही ते मागायला जातात, याचे कारण असे, की अर्जांची छाननी करणाऱ्या तालुका समितीवर अशासकीय सदस्यांची नेमणूक राजकीय वर्तुळातून होते आणि ‘साहेबांचा माणूस समितीवर आहे’ ही जाणीव गावात सर्वांना असते. पत्राने अर्ज पात्र ठरत नाही. पण पत्र नसल्यामुळे फाइल मागे राहील ही भीती खरी आहे, आणि शिबिरातले कार्यकर्ते नेमकी तीच वापरतात. अर्जाची पोचपावती जाऊबाईंनी न विसरता घ्यावी. पावती हातात असली, की ‘तुमचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

आणखी एक गोष्ट शिबिरात सांगितली गेली नसावी, असे आपल्या पत्रावरून वाटते. निराधार योजनेत विधवांना मिळणारे अनुदान जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये झाले आहे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतही रक्कम १,५०० रुपयेच आहे, परंतु शासनाच्या अन्य योजनेतून महिन्याला तेवढी किंवा त्याहून अधिक रक्कम घेणारी स्त्री या दुसऱ्या योजनेस अपात्र ठरते. फलकावर दोन्ही नावे शेजारी शेजारी छापल्याने तीन हजार मिळतील असा समज होतो आणि पुढे वसुलीची नोटीस येईल की काय या धास्तीने बायका तहसीलीत रांगा लावतात. जाऊबाईंनी दोहोंपैकी एकच धरावी.

लेक लाडकी योजनेसाठी कोणत्याही संपर्क कार्यालयात जाण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळे वा केशरी शिधापत्रक असलेल्या कुटुंबातील मुलीसाठी अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असतो. जन्मापासून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात, त्यांपैकी ७५ हजार शेवटच्या टप्प्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तेच : अंगीकृत म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ हा मदतनीस बसलेला असतो, शिधापत्रक आणि ओळखपत्र घेऊन थेट त्याच्याकडे जावे.

प्रश्न : आम्ही पदवीधर मतदारसंघातही मतदान करतो, पण त्या आमदारांचा अहवाल कधी येत नाही. त्यांना निधी नसतो का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : असतो. स्थानिक विकास निधी विधान परिषदेच्या सदस्यांनाही मिळतो. आपला पुणे पदवीधर मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांत पसरलेला असल्यामुळे घरोघरी अहवाल टाकणे परवडत नसावे, आणि नोंदणी केलेल्या मोजक्या पदवीधरांपलीकडे त्याची गरजही वाटत नसावी. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. मागच्या वेळी मतदान केले म्हणून नाव आपोआप राहत नाही.

प्रश्न : अहवालात ‘विधानसभेत ११२ प्रश्न उपस्थित केले’ असे आहे. हे काम चांगले की साधारण, हे कसे ओळखावे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : नुसत्या संख्येवरून ओळखता येत नाही. एकाच तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे एकत्र छापली जातात, आणि यादीतील मोजक्याच प्रश्नांवर सभागृहात तोंडी चर्चा होते. बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. म्हणून आपल्या आमदारांचे दोन-तीन प्रश्न काढून मुळातून वाचावेत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाच्या याद्या आणि प्रश्नोत्तरे उपलब्ध असतात. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : अमुक ठिकाणी अमुक घडले ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’ चौकशी केली आहे काय, ‘नसल्यास’ विलंबाची कारणे काय. उत्तरेही तितकीच ठरलेली असतात. ‘हे अंशतः खरे आहे’ असे आले, तर त्यानंतरचा मजकूर बारकाईने वाचावा, कारण खात्याने काही कबूल केलेले असते. सगळ्या उपप्रश्नांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे आले, तर बहुधा प्रश्नातील गावाचे नाव, वर्ष किंवा रक्कम चुकलेली असते आणि खात्याने त्या चुकीचा आधार घेऊन सुटका करून घेतलेली असते. गृहपाठ न करता विचारलेला प्रश्न असा फुकट जातो आणि अहवालात मात्र तोही ११२ मध्ये मोजला जातो.

याउलट लक्षवेधी सूचनेवर (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर) मंत्र्यांनी ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे सभागृहात म्हटले असेल, तर ते आश्वासन नोंदले जाते आणि त्याची पूर्तता झाली की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आपल्या आमदारांना किती आश्वासने मिळाली आणि त्यांतील किती पाळली गेली, हे त्यांना पत्र लिहून विचारता येईल. माझ्या हाती आलेल्या एकाही कार्यअहवालात हा आकडा छापलेला नव्हता.