कुंडलिकेवर पावसात कयाक काढण्याआधी

कोलाडला पहिल्यांदाच कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेऊन जातोयस, तर आधी एवढं ऐक. कुंडलिका नदीचं पाणी फक्त आभाळावर चालत नाही. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी रवाळजेमार्गे खाली येतं, त्यात सह्याद्रीतले ओढे भर घालतात. म्हणून तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटाकडे काळं दिसतंय का, ते बघ. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला की लगेच काठ गाठ.

गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं, एकट्या उंच झाडाखाली मात्र नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती काठच्या पडलेल्या झाडांची. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस अडकतो. ती लांबूनच टाळ. उलटलास तर पाठीवर तरंग, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेव. वाहत्या पाण्यात उभं राहू नकोस, दगडांत पाऊल अडकतं.

लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि जाणता सोबती हवाच. यंदाचा पावसाळा तू तलावात, उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडण्याच्या सरावात घालव. नदीवर आपण नोव्हेंबरात जाऊ, मी येतो.