वाचकांचे प्रश्न : मागचं शिक्षण नव्या पदवीत कितपत धरलं जातं?

प्रवेशाच्या दिवसांत क्रेडिट हस्तांतरणाबद्दल, म्हणजे एका विद्यापीठात पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप (क्रेडिट) दुसऱ्या विद्यापीठात धरून घेण्याबद्दल, बरीच पत्रं येतात. या अंकात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांची पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातली माहिती बाकीच्यांनाही लागणार आहे.

प्रश्न : मी फलटणच्या कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष पास झाले. विद्यापीठ शिवाजी, क्रेडिट ४४. वडिलांची बदली झाल्यामुळे आम्ही पुण्याला जाणार आहोत. एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं असल्यामुळे क्रेडिट आपोआप तिकडे जातील, असं मैत्रिणी सांगतात. खरं आहे का? की दुसरं वर्ष इथेच हॉस्टेलवर राहून करू आणि तिसऱ्याला पुण्यात जाऊ? (विद्यार्थिनी, फलटण)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका. जायचंच असेल तर आत्ताच जा.

कारण साध्या हिशेबाचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या एबीसी नियमांप्रमाणे जे विद्यापीठ पदवी देणार, तिथे एकूण क्रेडिटपैकी किमान ५० टक्के मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली तर निम्मे होतात ६६. आत्ता गेलात तर तुमच्याकडे ४४ आहेत आणि ८८ पुण्यात होतील, म्हणजे अडचण नाही. दुसरं वर्ष इथे केलंत तर इथले ८८ होतील आणि पुण्यात फक्त ४४ उरतील. ते ६६ पेक्षा कमी आहेत. मग पुण्याचं विद्यापीठ तुमचे काही क्रेडिट सोडून देऊन तेवढे विषय पुन्हा करायला लावेल, किंवा प्रवेशच नाकारेल. चार वर्षांची ऑनर्स पदवी १७६ क्रेडिटची असते. ती तिथे करायची ठरवली तरच ८८ चा मेळ बसतो, तोही काठावर.

आता ‘आपोआप’बद्दल. एबीसी खातं हे पासबुक आहे. कोणत्या विद्यापीठाने किती क्रेडिट जमा केले ते त्यात दिसतं. ते धरायचे की नाही, आणि कोणत्या विषयाच्या बदल्यात धरायचे, हे नवीन विद्यापीठ ठरवतं. तिथली समकक्षता समिती किंवा त्या विषयाचं अभ्यास मंडळ तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. बेरीज ४४ आली म्हणजे काम झालं, असं होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट वेगवेगळ्या गटांत विभागलेले असतात : मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, को-करिक्युलर. एका गटात दोन क्रेडिट जास्त आणि दुसऱ्या गटात दोन कमी असतील, तर जास्तीचे कमीच्या जागी बसत नाहीत. भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर एका विद्यापीठात पहिल्या सत्रात असतो, दुसऱ्यात नंतर येतो. भाषेचंही तसंच. असे छोटे पेपर मागे राहतात आणि दुसऱ्या वर्षाबरोबर करावे लागतात. चार-सहा क्रेडिट असे निघाले तर घाबरून जाऊ नका. ते एका वर्षात सहज पुरे होतात.

मेजरचं मात्र बारकाईने बघा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास अध्यापन आणि प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा तुमच्याकडे रसायनशास्त्राचे चार क्रेडिट दोन थिअरी आणि दोन प्रात्यक्षिक असे आहेत. म्हणजे ३० तास वर्ग आणि ६० तास प्रयोगशाळा. समोरच्या विद्यापीठात तेच चार क्रेडिट तीन आणि एक असे असतील, तर त्यांचे वर्गाचे ४५ तास आहेत आणि प्रयोगशाळेचे ३०. आकडा चारच, पण थिअरीचा एक घटक तुम्ही शिकलेलाच नाही. समितीचं बोट नेमकं तिथे जातं.

म्हणून अर्जासोबत स्वतः केलेला तक्ता जोडा. डाव्या बाजूला तुमचा पेपर, त्याचा कोड, क्रेडिट, तास आणि घटकांची नावं लिहा. उजव्या बाजूला त्यांच्या पेपरची तीच माहिती येऊ द्या. तुमच्या सिलॅबसची प्रत तुम्ही शिकलात त्याच वर्षाची हवी आणि प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का हवा. वेबसाइटवरून उतरवलेली चालू वर्षाची पीडीएफ जोडली आणि मधल्या काळात अभ्यासक्रम बदललेला असला, तर समिती चुकीच्याच गोष्टीची तुलना करते. हा तक्ता कोणी मागत नाही, पण तो नसेल तर समितीला सगळं स्वतः शोधावं लागतं आणि फाइल मागे पडते.

क्रम असा ठेवा. आधी पुण्याच्या कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाला तुमच्या विषयांच्या जोडीत जागा आहे का ते विचारा. मग त्या कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे क्रेडिट मान्यतेचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि कोणते विषय धरले, कोणते करावे लागतील याचं लेखी उत्तर मिळवा. त्यानंतरच फलटणच्या कॉलेजातून टीसी काढा. मायग्रेशन प्रमाणपत्र (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) शिवाजी विद्यापीठाकडून येईल, त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो. दोन्ही सत्रांची मूळ गुणपत्रकं, बारावीचं गुणपत्रक, एबीसी क्रमांक आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) जवळ ठेवा. ‘तोंडी सांगितलंय, होईल’ एवढ्यावर टीसी काढणाऱ्यांची सर्वांत वाईट अवस्था होते. इकडची जागा गेलेली असते आणि तिकडची पक्की झालेली नसते.

नवीन विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता, मुदतीत पूर्ण करा. मायग्रेशन वेळेत जमा झालं नाही तर परीक्षा देऊनही निकाल राखून ठेवतात. आणि एखादा विषय एटीकेटीत असेल तर तो आधी काढा. नापास विषयाचा क्रेडिट खात्यात येतच नाही, त्यामुळे तो नेण्याचा प्रश्नही येत नाही.

जाता जाता साताऱ्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन कॉलेजं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. कोरेगाव किंवा वाईच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून यांपैकी एका ठिकाणी जाणं हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यातला बदल वाटतो, पण तो विद्यापीठाचा बदल आहे. वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू होतं. उलट सांगलीच्या संलग्न कॉलेजातून साताऱ्याच्या संलग्न कॉलेजात जाताना विद्यापीठ तेच राहतं, मायग्रेशन लागत नाही. फक्त यातलं एखादं कॉलेज स्वायत्त असेल तर पदवी शिवाजी विद्यापीठाचीच असली तरी सिलॅबस वेगळा असतो, तेव्हा तक्ता तेवढा कराच.

प्रश्न : मी २००८ मध्ये एफवायबीए आणि त्याच्या पुढच्या वर्षी एसवायबीए पास झाले. मग लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. आता मुलं मोठी झाली आहेत. थेट तिसऱ्या वर्षाला बसता येईल का? (गृहिणी, कोरेगाव)

उत्तर : ताई, थेट तिसरं वर्ष मिळण्याची आशा धरून बसू नका. तुम्ही शिकलात तेव्हा वार्षिक परीक्षा होत्या. गुण होते, क्रेडिट नव्हते. एबीसीत २०२१-२२ पासून नोंदणी केलेल्या अभ्यासक्रमांचेच क्रेडिट जमा होतात आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. तुमची दोन वर्षं त्यात बसत नाहीत.

तरी एक अर्ज जरूर करा. ज्या विद्यापीठातून शिकलात तिथल्या परीक्षा विभागाला दोन्ही वर्षांच्या गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती जोडून विचारा, की जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी समकक्ष विषयांची किंवा विशेष संधीची काही तरतूद चालू आहे का. उत्तर नाही आलं तरी एका टपालापलीकडे काही जात नाही.

पण या उत्तराची वाट बघत वर्ष घालवू नका. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात बारावीच्या गुणपत्रकावर पहिल्या वर्षाला प्रवेश घ्या. वर्ष जास्त जातील, पण रोज कॉलेजला जायची गरज नाही आणि हातात येणारी पदवी पूर्ण मान्यतेची असेल. घरी बसून दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांना आता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा (डीईबी) क्रमांक काढावा लागतो. त्याआधी एबीसी क्रमांक हवा आणि त्यासाठी आधार लागतं. बहुतेक विवाहित महिला नेमक्या इथेच अडकतात. आधारवर सासरचं नाव, गुणपत्रकावर माहेरचं. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपीही येत नाही. म्हणून प्रवेशाची तारीख जाहीर होण्याआधीच मोबाइल जोडून घ्या, विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा आणि दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला राजपत्रातली नावबदलाची नोंद करून ठेवा. राजपत्राला वेळ लागतो, तेव्हा ते काम सर्वांत आधी हाती घ्या.

प्रश्न : मेकॅनिकलचा डिप्लोमा ७२ टक्क्यांनी पास झालो. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, थर्मल, हायड्रॉलिक्स हे सगळं शिकलोय. बीटेकला या विषयांची सूट मिळेल का? (विद्यार्थी, वाळवा तालुका)

उत्तर : सुटे विषय सुटत नाहीत. तुम्हाला संपूर्ण पहिलं वर्ष सुटतं. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश म्हणतात तो हाच. किमान ४५ टक्के गुण हवेत, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना ४०. एमएचटी-सीईटी लागत नाही. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते आणि प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतून होतात. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी अशा ठिकाणी कमी गुणफरकाने जागा हुकतात, म्हणून पसंतीक्रम भरताना हात आखडता घेऊ नका. नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं.

स्ट्रेंथ आणि थर्मल तुम्हाला दुसऱ्या वर्षी पुन्हा करावेच लागतील, आणि ते बरंच आहे. डिप्लोमात सूत्र वापरायला शिकवतात, बीटेकला ते सिद्ध करायला सांगतात. खरी अडचण गणिताची. तिसऱ्या सत्राचं गणित लाप्लास आणि विकल समीकरणांपासून सुरू होतं. त्यासाठी मॅट्रिक्स, आंशिक विकलन आणि बहुल समाकलन येतं असं गृहीत धरलेलं असतं. ते बाकीच्यांनी पहिल्या वर्षी केलेलं असतं, तुम्ही नाही. शिवाय या प्रवेशफेऱ्या उशिरा संपतात. तुम्ही वर्गात बसता तेव्हा एक-दोन युनिट होऊन गेलेली असतात. निकाल ते प्रवेश या मधल्या दिवसांत पहिल्या वर्षाच्या गणिताचं पुस्तक घेऊन एवढे तीन धडे स्वतः सोडवा. डिप्लोमाला चांगले गुण मिळवणारी मुलं तिसऱ्या सत्रात याच एका विषयात अडकतात आणि मग पुढची दोन सत्रं तो विषय काढण्यात जातात.

प्रश्न : मी स्वतःहून स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रम उपक्रमाचा) १२ आठवड्यांचा कोर्स केला, परीक्षा देऊन ७१ गुण मिळवले. कॉलेज म्हणतं, क्रेडिट देता येणार नाहीत. (बीकॉम विद्यार्थी, विटा)

उत्तर : १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण तीन क्रेडिट असतात आणि एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयममधून घेता येतात. म्हणजे तुम्ही केलेलं वाया जाण्यासारखं नाही. पण तो कोर्स तुमच्या कुठल्या पेपरच्या जागी बसतो, हे सत्र सुरू होण्याआधी कॉलेजने आणि विद्यापीठाने मान्य केलेलं असावं लागतं. तुमच्याकडे तशी मान्यता नव्हती, म्हणून कॉलेजचं म्हणणं चुकीचं नाही. तरी प्राचार्यांना लेखी विचारा, की हा कोर्स ओपन इलेक्टिव्हच्या मान्य यादीत आहे का. असेल तर पुढच्या सत्रात धरला जाईल का, हेही त्याच अर्जात विचारा.

पुढच्या वेळी आधी स्वयम समन्वयक प्राध्यापकांची सही घ्या, मग नोंदणी करा. परीक्षेचं शुल्क भरायची तारीख कोर्स चालू असतानाच संपते. व्हिडिओ सगळे बघितले आणि परीक्षा दिली नाही, तर क्रेडिट शून्य. असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात, नुसती बेरीज ४० होऊन भागत नाही.

प्रश्न : दोन सत्रं पास झालो, गुणपत्रकं हातात आहेत, पण एबीसी खात्यात शून्य दिसतं. (विद्यार्थी, मिरज)

उत्तर : क्रेडिट तुम्ही भरायचे नसतात, विद्यापीठ भरतं. डिजिलॉकरमध्ये जाऊन तुमचा १२ अंकी क्रमांक बघा आणि परीक्षा अर्जावर तोच गेला होता का ते ताडा. अनेकांची दोन खाती निघालेली असतात, एक कॉलेजने काढून दिलेलं आणि एक स्वतः काढलेलं. दुसरं कारण नावाचं. गुणपत्रकावर आडनाव आधी आणि पुढे आईचं नाव असतं, आधारवर ते नसतं. जन्मतारखेत एका अंकाचा फरक असला तरी नोंद जुळत नाही. कॉलेजच्या परीक्षा विभागात आधारची प्रत, दोन्ही गुणपत्रकं आणि क्रमांक दिसणारा डिजिलॉकरचा स्क्रीनशॉट जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. हे काम कॉलेज बदलायचं ठरवण्याआधी करा. टीसी काढल्यावर जुन्या कॉलेजच्या खिडकीवर तुमची फाइल पुन्हा उघडून घेणं फार अवघड जातं.