वीज एक, ग्रीकांची नावं तीन

प्रश्न : नमस्कार. नातू दुसरीत आहे, घरात सध्या डायनासोरशिवाय दुसरा विषय नाही. त्याच्या पुस्तकात ब्रॉन्टोसॉरसचा अर्थ ‘मेघगर्जनेचा सरडा’ असा दिलाय. आमचे जावई ट्रान्समिशन लाइनच्या कामात आहेत, ते परवा जेवताना आयसोकेरॉनिक लेव्हल असं काहीतरी म्हणाले, ते पण विजेचंच आणि ते पण ग्रीकच. मग एकाच विजेला दोन दोन शब्द कशाला?
– एक आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आजी, दोन नाही, चांगले तीन आहेत. ब्रॉन्टे म्हणजे नुसता गडगडाट, ॲस्ट्रापे म्हणजे लखलखाट, आणि केराउनोस म्हणजे जी खाली येऊन कोणाच्या तरी झाडावर नाहीतर डोक्यावर पडते ती. आपण काय करतो, नाव एकच ठेवतो आणि बाकी क्रियापदावर सोडून देतो, वीज चमकते, वीज कडाडते, वीज पडते, गडगडतात तेवढे ढग. त्यांच्या पुराणात तर झ्यूसचं वज्र घडवणारे तीन एकडोळे राक्षसी भाऊ आहेत, त्यातल्या दोघांची नावंच ब्रॉन्टेस आणि स्टेरोपेस, म्हणजे गडगड्या आणि चमक्या म्हणा ना. आपल्याकडे हे काम त्वष्ट्याचं, दधीचींच्या हाडांचं वज्र करणारा.

नातवाच्या ब्रॉन्टोसॉरसला हे नाव मार्श नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1879 मध्ये दिलं. पुढे 1903 मध्ये दुसऱ्याने सांगितलं की हा तर मार्शनेच दोन वर्षं आधी नाव दिलेला ॲपॅटोसॉरस आहे, आणि नियम असा की जुनं नाव राहतं, त्यामुळे शास्त्राच्या वहीतून ब्रॉन्टोसॉरस गेला, पोरांच्या पुस्तकातून मात्र काही हलला नाही. 2015 च्या एका अभ्यासाने परत दोन वेगळे आहेत म्हटलं. नातवाला सांगा, तुझंच बरोबर होतं.

भीतीची नावं पण यातूनच आली, ब्रॉन्टोफोबिया आणि ॲस्ट्राफोबिया. डॉक्टर लोक दोन्ही एकाच भीतीला वापरतात, पण आमच्या मोतीला बघून मला वाटतं की फरक ठेवायला हवा होता. वीज चमकली तर हा खिडकीशी बसून मजेत बघतो, आणि मग तीन-चार सेकंदांनी (म्हणजे एखाद किलोमीटरवर) गडगडलं की सरळ दिवाणाखाली, शेपूट तेवढी बाहेर, मग पोळीचा तुकडा दाखवा नाहीतर काही करा. हा अस्सल ब्रॉन्टोफोबिया, ॲस्ट्राचा काही संबंध नाही.

आता जावयांचा शब्द. एखाद्या गावात वर्षातून किती दिवस गडगडाट ऐकू आला, तो आकडा म्हणजे आयसोकेरॉनिक लेव्हल, आणि सारख्या आकड्यांची गावं नकाशावर रेघेने जोडतात. लाइन कुठून न्यायची, विजेपासून तिला किती जपायचं, हे त्यावरून ठरवत आलेत. गंमत बघा, शब्द घेतला पडणाऱ्या विजेचा आणि मोजणी केली कानाने. खरं तर ब्रॉन्टे लावायला पाहिजे होतं. डॉक्टरांनी तरी केराउनोस जागेवर वापरला, वीज अंगावर येऊन वाचलेल्या माणसाचे हातपाय कधी कधी काही तास लुळे, गार, निळसर पडतात आणि बहुतेक वेळा परत येतात, त्याला केरॉनोपॅरालिसिस म्हणतात.

आणि थंडर? तो ग्रीक नाहीच, तो उत्तर युरोपातल्या थॉर देवाच्या घरातला, थर्सडे पण तिथलाच.

प्रश्न : इलेक्ट्रिक हा शब्दही ग्रीक आहे ना? मग तो या तिघांपैकी कोणाचा?
– एक निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : कोणाचाच नाही सर. एलेक्ट्रॉन म्हणजे अंबर, झाडाच्या चिकाचा दगड झालेला पिवळा मणी. तो घासला की काड्या, पिसं ओढून घेतो, म्हणून तर संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात. इंग्लंडच्या गिल्बर्टने 1600 मध्ये त्यावरून लॅटिनमध्ये इलेक्ट्रिकस केलं, आणि तेव्हा आकाशातल्या विजेशी त्याचा संबंध आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. ते 1752 मध्ये कळलं, अमेरिकेच्या फ्रँकलिनने युक्ती सुचवली आणि आधी फ्रान्समधल्या लोकांनी लोखंडी दांडा उभा करून ढगातून ठिणगी काढली. म्हणजे इंग्रजीत तारेतली ती मण्याची लेक आणि आकाशातली वेगळी, आपल्याकडे तार यायच्या आधीच सगळं कळून चुकलेलं, म्हणून दोन्हीला वीज. इंदूरमध्ये मात्र आपण तिसराच घोळ घालतो, ढग गडगडले की वीज पडेल म्हणतो, आणि पाच मिनिटांनी अंधार झाला की, लाइट गेली.