वाचकांचे प्रश्न : लॅटव्हियन बोलणं कानावरून जातं तेव्हा

(उच्चार देवनागरीत दिले आहेत. 'ऽ' दिसेल तिथं आधीचा स्वर चांगला लांबवा. नसेल तिथं 'आ'सुद्धा आखूडच ठेवा. 'द्ज़' म्हणजे आपल्या 'जागा'तला ज आणि 'त्स' म्हणजे 'चाक'मधला च. नुसता 'ज़' मात्र हिंदीतल्या 'ज़मीन'सारखा.)

प्रश्न : सप्टेंबरात रिगाला शिकायला जाणार आहे. वर्ग इंग्रजीतून आहेत, पण दुकानात, हॉस्टेलवर उपयोगी पडेल म्हणून लॅटव्हियन शिकतोय. ऑनलाइन सरावात समोरचं माणूस भडाभडा बोलतं आणि माझ्या हाती काहीच लागत नाही. 'एस नेसाप्रुओतु' (मला समजत नाही) म्हटलं की ते लगेच इंग्रजीवर येतात. दुसरं काय म्हणावं? — विद्यार्थी, लातूर

उत्तर : 'समजत नाही' एवढंच ऐकल्यावर समोरच्यानं करायचं काय? हळू बोलायचं, परत सांगायचं, की भाषाच बदलायची? तो सोपी वाट धरतो. म्हणून त्याला नेमकं काम सांगा. 'लॅऽनाऽक, लूद्ज़ु' म्हणजे जरा हळू, प्लीज. 'वेऽल्रेइज़, लूद्ज़ु' म्हणजे पुन्हा एकदा. अनोळखी किंवा वयस्क माणसाशी थोडं अदबीनं बोलायचं तर 'वाइ यूस वारॅऽतु आत्काऽर्तुओत?' (परत सांगू शकाल का?). पत्ता किंवा औषधाचं नाव असेल तर ऐकण्याच्या फंदातच पडू नका. वही पुढे करून 'उज़्राक्स्तिएत, लूद्ज़ु' (लिहून द्या) म्हणा.

तुम्ही शिकताय हे मात्र सुरुवातीलाच सांगायचं, अडल्यावर नव्हे : 'आत्वाइनुओयिएत, एस वेऽल माऽत्सुओस लात्विएशु वालुओदु' (माफ करा, मी अजून लॅटव्हियन शिकतोय). तेही सावकाश. पाठ केलेलं पहिलं वाक्य झरझर म्हणून दाखवलं की याला भाषा येते असं समजून उत्तरही त्याच वेगात येतं. तरीही इंग्रजी सुरू झालीच तर 'वाइ वाराम रुनाऽत लात्विस्कि?' (लॅटव्हियनमध्ये बोलू या का?) असं विचारा. मागं रांग असेल तर हा हट्ट नको.

याच्या पुढची पायरी अशी, की कळलं तेवढं धरायचं आणि निसटलं तेवढंच विचारायचं. किंमत निसटली तर 'त्सिक, लूद्ज़ु?' (किती?), वेळ निसटली तर 'त्सिकुओस?' (किती वाजता?), मजला निसटला तर 'कुराऽ स्ताऽवाऽ?'. असा प्रश्न केला की उत्तर एक-दोन शब्दांत येतं आणि ते पकडता येतं. पकडलं की लगेच परत म्हणून दाखवा : 'उओत्रायाऽ स्ताऽवाऽ, याऽ?' (दुसऱ्या मजल्यावर, हो ना?). इथं एक गोम आहे. लॅटव्हियात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. त्यांचा दुसरा म्हणजे आपला पहिला. शब्द बरोबर ऐकूनही तुम्ही एक जिना जास्त चढाल.

नुसतं 'कुओ?' (काय?) म्हणू नका, ते खेकसल्यासारखं वाटतं. 'काऽ, लूद्ज़ु?' म्हणजे 'काय म्हणालात?'. आणि न कळता 'याऽ, याऽ' करत मान डोलावणं तर बंदच करा. कॅशियर 'माइसिन्यु वायाग?' (पिशवी हवी का?) विचारते, तुम्ही 'याऽ' म्हणता आणि बिलात पिशवी लागते. नको असेल तर 'नेऽ, पाल्दिएस'. आडवी मान तिकडे नकारच समजतात.

प्रश्न : मुलाचं लग्न लॅटव्हियन मुलीशी ठरलंय. विहीणबाईंशी व्हिडिओ कॉलवर चार शब्द त्यांच्या भाषेत बोलावेत असं वाटतं. मान राखून कसं बोलू? कुठं चुकेल? — वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखेच तिकडे 'तु' आणि 'यूस' आहेत. विहीणबाईंना 'यूस'च म्हणा. त्यांनी आपणहून 'तु' सुचवलं तरच बदला. क्रियापदही त्याच रूपात हवं. त्यातही 'रुनाऽयात' म्हणजे 'तुम्ही बोलता' आणि 'रुनाऽयिएत' म्हणजे 'बोला'. विनंतीत '-इएत' लागतं : 'लूद्ज़ु, रुनाऽयिएत लॅऽनाऽक'.

आडनावाचा क्रम आपल्यासारखाच, 'पाटीलसाहेब'सारखा. व्याह्यांचं आडनाव बेऽर्ज़िन्श असेल तर 'बेऽर्ज़िन्या कुंग्स', विहीणबाईंना 'बेऽर्ज़िन्यास कुन्द्ज़े'. इंग्रजीच्या सवयीनं कुंग्स आधी लावू नका, आणि आडनावाचं रूप बदलतं तेही विसरू नका.

सर्वात जपायचं ते ऱ्हस्व-दीर्घ. मराठी बोलताना आपण इकार-उकाराची लांबी फारशी पाळत नाही, तिकडे अर्थच बदलतो. 'पिले' म्हणजे थेंब, 'पीले' म्हणजे बदक. तुमच्या घरी तर विषयच लग्नाचा आहे, तेव्हा 'काऽज़ास' (लग्न) मधला पहिला आ भरपूर ताणा. आखूड 'काज़ास' म्हणजे शेळ्या!

आघात बहुतेक शब्दांत पहिल्या अक्षरावर येतो, पण नेमके रोजचे शब्द अपवाद आहेत. 'पाल्दिएस' (धन्यवाद) आणि 'लाब्दिएन' (नमस्कार, दिवसा) यांत जोर 'दिएस' आणि 'दिएन'वर. त्या तुम्हाला 'पाल्दिएस' म्हणाल्या तर उत्तर 'लूद्ज़ु'. कृपया, घ्या ना, त्यात काय एवढं, या सगळ्याला हा एकच शब्द चालतो. निरोप घेताना 'विसु लाबु' म्हणा.

प्रश्न : मी रिगात कामाला आहे. साहेबांनी 'पुस्सेप्तिन्युओस' यायला सांगितलं, मी साडेसातला पोचलो. बोलणी खाल्ली. — वाचक, बीड

उत्तर : त्यांनी साडेसहाला बोलावलं होतं. 'पुस' म्हणजे अर्धा आणि 'सेप्तिन्यि' म्हणजे सात. सातवा तास अर्धा झाला, असा हिशेब. आपल्या साडेसातशी त्याची गल्लत हमखास होते. 'पुस' कानावर पडलं की पुढच्या आकड्यातून अर्धा तास वजा करा आणि तिथंच आकड्यांत खात्री करून घ्या : 'सेशुओस त्रीज़्देस्मित, याऽ?' म्हणजे सहा तीसला ना?