दोनच कर्मचारी, कार्यक्रम कसा घ्यावा?

प्रश्न : आमच्या वाचनालयात ग्रंथपाल आणि शिपाई, दोघंच. प्रौढांसाठी कार्यक्रम ठेवला की देवघेव बंद पडते. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ग्रंथपालांनी देवघेवीचं टेबल सोडू नये. शिपायाकडे खुर्च्या आणि माईक. दारातली नोंदवही कार्यकारिणीतल्या एकानं धरावी. सभासद नसलेल्यांचे फोन नंबर तिथंच मिळतात. खुर्च्या 30 मांडा, 10 भिंतीला लावून ठेवा; रिकाम्या रांगा बघून वक्ता आधीच गार पडतो. कॉर्डलेस माईकचे सेल अर्धा तास आधी बदला, जोडी खिशात ठेवा. भाषण 40 मिनिटं, प्रश्न 20. खरा वेळखाऊ प्रकार शाल-श्रीफळ! सत्कार एकच, तोही शेवटी. महाद्वार रोडच्या आसपास असाल तर शुक्रवार टाळा, अंबाबाईच्या गर्दीत गाडी लावायची कुठं?