मायलेज पडलं, पण चेक इंजिनचा दिवा काही लागत नाही

प्रश्न: नमस्कार सर, माझी 2014ची पेट्रोल हॅचबॅक आहे, आधी हायवेला 18 द्यायची आता 14च्या वर जात नाही. दिवा वगैरे काही लागलेला नाही. मी ऑनलाइन ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) मागवला, कोड एकही नाही, पण अ‍ॅपमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 62-65 अंश दिसतंय, लाँग टर्म फ्युएल ट्रिम +3, आणि दुसरा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) 0.7 व्होल्टला चिकटून बसलाय. मेकॅनिक म्हणतो तो सेन्सर गेला, बदला. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: थांबा, खिशात हात घालू नका इतक्यात. दुसरा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) नंतर असतो आणि तो स्थिरच राहायला पाहिजे, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करतोय. नाचायला पाहिजे तो पहिला, 0.1 ते 0.9 व्होल्ट सतत वरखाली, तो आकडा तुम्ही लिहिलाच नाहीत, तेवढा बघून घ्या. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा, +3 म्हणजे काहीच नाही हो, साधारण दहाच्या आत असेल तर कॉम्प्युटर खूश असतो.

खरा चोर तो 62चा आकडा आहे. गरम झालेल्या इंजिनाचं कूलंट 85-95च्या आसपास पाहिजे. तुमची गाडी कधी हीट झाली होती का, आणि तेव्हा कुणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता का? आपल्याकडे गॅरेजवाले सर्रास काढतात, "आता कधीच हीट होणार नाही" म्हणतात, आणि होत नाहीच, पण मग हायवेच्या वाऱ्यात पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन गरमच होत नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून सकाळच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत बसतो. काढला नसेल तर उघडा अडकला असेल, परिणाम तोच. यासाठी पी0128 हा कोड आहे, पण तो यायला कॉम्प्युटरच्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, म्हणून कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं धरून चालू नका.

पार्ट घ्यायच्या आधी एक करा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करून कूलंट आणि इनटेक एअर, दोन्ही तापमानं बघा. दोन्ही जवळजवळ सारखी असतील तर कूलंटचा सेन्सर बहुतेक खरं बोलतोय आणि संशय थर्मोस्टॅटवरच. मग बाजूला कुणाला तरी बसवून अ‍ॅप बघायला सांगा (चालवताना स्वतः मोबाईल बघू नका प्लीज). ट्रॅफिकमध्ये आकडा चढतो आणि हायवेला पडतो असं दिसलं की समजायचं, चोर थर्मोस्टॅटच. थर्मोस्टॅट ऑक्सिजन सेन्सरपेक्षा बराच स्वस्त पडतो. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, नाहीतर गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरू शकते.

प्रश्न: चेक इंजिनचा दिवा लागला की गाडी लगेच थांबवायची का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घरी जा, कोड वाचा. वाचायच्या आधी क्लिअर मात्र करू नका, बिघाडाच्या वेळचे आरपीएम, तापमान सगळं पुसलं जातं. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा पार्ट जातो, म्हणून स्पीड कमी करा आणि जमेल तिथे गाडी बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा वेगळा, तो चालताना लागला तर गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.